सात हजार रिकाम्या जागा आणि एक परंतुक

डिसेंबर २०२० मधली गोष्ट. लातूरला ज्या टेबलावर आम्ही प्रवेशाचे फॉर्म भरून देतो, तिथं एकाच आठवड्यात दोन घरं येऊन बसली. पहिल्या घरातल्या मुलाला नीटमध्ये ७२० पैकी ३१२ मार्क. एमबीबीएसचा विषयच नव्हता, पण राज्याच्या राउंडमध्ये एका खासगी डेंटल कॉलेजात नंबर लागला होता. दुसऱ्या घरातली मुलगी खुल्या प्रवर्गातली, मार्क १३१. त्या वर्षी खुल्या प्रवर्गाचा कट-ऑफ १४७ होता, म्हणजे ती १६ मार्कांनी अपात्र. मुलाला जागा मिळाली होती, ती त्यानं सोडली. मुलीला जागा हवी होती, तर तिचं नाव यादीतच नव्हतं.

दोन महिन्यांनी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयासमोर नेमका याच दोघांचा हिशेब निघाला. देशभरात बीडीएसच्या, म्हणजे डेंटलच्या पदवीच्या, पहिल्या वर्षाच्या सुमारे ७,००० जागा रिकाम्या होत्या. त्या भरण्यासाठी पात्रतेची पायरी खाली आणायची की नाही, एवढाच वाद. ८ फेब्रुवारी २०२१ ला निकाल आला. डेंटलचं नाव काढणाऱ्या प्रत्येक पालकाला मी तेव्हापासून हे प्रकरण सांगतो, कारण नीटमधून डेंटलला प्रवेश म्हणजे काय आणि तो कुठं अडतो हे यात जितकं उघडं पडलं तितकं कुठल्या माहितीपुस्तकात सापडत नाही.

आधी पर्सेंटाइलचा घोळ

२०२० ची नीट कोरोनामुळे लांबत लांबत १३ सप्टेंबरला झाली. जवळपास १६ लाख मुलांनी अर्ज भरले होते, १३ लाख ६६ हजारांनी पेपर दिला. निकाल १६ ऑक्टोबरला लागला आणि ७ लाख ७१ हजार मुलं ‘पात्र’ ठरली. पेपरचं गणित तेच: १८० प्रश्न, त्यातले ९० जीवशास्त्राचे, ४५ भौतिकशास्त्राचे, ४५ रसायनशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार मार्क, चुकीला एक वजा.

पात्रता म्हणजे खुल्या प्रवर्गाला ५० वं पर्सेंटाइल आणि ओबीसी, एससी, एसटीला ४० वं. इथं निम्मे पालक घसरतात. ‘पन्नास टक्के तरी पडायलाच हवेत ना?’ असं विचारतात. पन्नास टक्के म्हणजे ३६० मार्क झाले असते. पन्नासावं पर्सेंटाइल म्हणजे रांगेच्या मधोमध उभ्या असलेल्या मुलाचे मार्क, आणि ते होते १४७. शंभरातले वीस-साडेवीस. पन्नास प्रश्न बरोबर, त्रेपन्न चूक, बाकी कोरे, एवढ्यावर ते होतात. चाळिसाव्या पर्सेंटाइलला ११३ मार्क होते: चाळीस बरोबर, सत्तेचाळीस चूक. (डोळे मिटून सगळे १८० गोल रंगवले तर सरासरीनं ४५ मार्क पडतात. त्यामुळे ११३ वाल्याला काहीच येत नव्हतं असं कुणी म्हणू नये.)

पर्सेंटाइलची आणखी एक गंमत आहे. पेपर कितीही अवघड काढा नाहीतर सोपा, पात्र ठरणाऱ्यांचं प्रमाण जवळपास ठरलेलंच राहतं. पेपर देणारी मुलं वाढली की पात्र मुलं आपोआप वाढतात. देशात मार्क मिळवलेल्या मुलांचा दुष्काळ पडलाय असं या मोजपट्टीवर कधी दिसणारच नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

परंतुक

तेव्हा बीडीएसचे प्रवेश दंतपरिषदेच्या, म्हणजे डेंटलच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या, २००७ च्या सुधारित नियमावलीप्रमाणे होत होते. किमान मार्कांची अट त्या नियमावलीतच होती आणि तिच्या शेपटाला एक परंतुक, म्हणजे अटीतून सूट देणारी तरतूद, होती. पुरेशा संख्येनं उमेदवारांना किमान मार्क मिळाले नाहीत, तर केंद्र सरकार दंतपरिषदेशी सल्लामसलत करून त्या वर्षापुरती पायरी खाली आणू शकतं. एवढंच. २०१९-२० मध्ये सरकारनं हेच परंतुक वापरून पर्सेंटाइल दहानं खाली आणलं होतं.

२०२० च्या डिसेंबरात पुन्हा तीच वेळ आली. २८ डिसेंबरला भारतीय दंतपरिषदेनं शिफारस केली की या वेळी वीसनं खाली आणा: खुल्यांना ३०, राखीव प्रवर्गांना २०. दोनच दिवसांनी, ३० डिसेंबरला, केंद्रानं नकार कळवला. आमच्याकडच्या मुलीचे वडील त्या आठवड्यात रोज फोन करत होते. कुठल्याशा ग्रुपवर ‘कट-ऑफ उतरणार’ असा मेसेज फिरला होता आणि त्यावर त्यांचं घर चाललं होतं. नकाराची बातमी त्यांना मीच दिली.

केंद्राची बाजू वरवर पाहता बिनतोड होती. पात्र मुलं ७ लाख ७१ हजार, एमबीबीएसच्या जागा ८२,०००, बीडीएसच्या २८,०००. एका जागेमागे सात पात्र मुलं उभी असताना पायरी खाली कशाला आणायची? शिवाय देशात २ लाख ७० हजार दंतवैद्यांची नोंदणी झालेली होती, आणि सरकारच्या हिशेबानं ६,०८० माणसांमागे एक दंतवैद्य होता. जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण ७,५०० मागे एक, आपली स्थिती त्याहून बरी. आणि जागा रिकाम्या का, तर मुलांना एमबीबीएस हवंय, खासगी डेंटलची फी परवडत नाही. त्याला पर्सेंटाइल काय करणार?

यातलं शेवटचं कारण मला तरी शंभर टक्के खरं वाटतं. आणि गंमत अशी की सरकार हरलं त्यात याच कारणाचा हात होता.

न्यायालयात काय झालं

न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव यांच्या खंडपीठानं आधी एकास सातचा आकडा तपासला. नीट काही एमबीबीएस-बीडीएसपुरती नसते. आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानीचे प्रवेशही तिच्यातूनच होतात. त्या वर्षी आयुषच्या ५२,७२० जागा होत्या, अखिल भारतीय कोट्यातून पशुवैद्यकीयच्या ५२५. त्या धरल्या की एका जागेमागे सात मुलं उरत नाहीत, आकडा पाचाच्याही खाली येतो. आमच्या टेबलावर बसणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगावं लागत नाही. मराठवाड्यात डेंटलची खरी स्पर्धा एमबीबीएसशी नाही, बीएएमएसशी, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीशी आहे. ‘बीएएमएस केलं तर गावात दवाखाना टाकता येईल, ताप-खोकल्याचा पेशंट रोज येतो. दात दुखायला लागला तरी माणूस आधी लवंग चावून बघतो,’ असं एका आजोबांनी मला ऐकवलं होतं. दवाखान्याला खोली, टेबल आणि स्टेथोस्कोप पुरतो. दातांच्या दवाखान्याला खुर्ची, कंप्रेसर, एक्स-रे, ऑटोक्लेव्ह आणि अखंड वीज लागते.

मग न्यायालय परंतुकाच्या शब्दांवर आलं. परंतुक विचारतं एकच गोष्ट: पुरेशी पात्र मुलं आहेत का? देशात दंतवैद्य किती आहेत, मुलांना डेंटल का नको वाटतं, या गोष्टी त्या प्रश्नात येत नाहीत. सरकारनं नेमक्या त्याच गोष्टींवर निर्णय बेतला, म्हणून तो निर्णय बेकायदेशीर आणि तर्कविसंगत ठरला. आधीच्या वर्षी दहानं पायरी खाली आणली होती, हेही न्यायालयासमोर होतं.

आदेश असा झाला: पर्सेंटाइल दहानं खाली आणा, म्हणजे खुल्यांना ४० आणि राखीव प्रवर्गांना ३०, आणि रिकाम्या जागा १८ फेब्रुवारीपर्यंत भरा. परिषदेनं मागितले होते वीस, मिळाले दहा. खुल्या प्रवर्गाची पायरी १४७ वरून ११३ वर आली आणि १३१ वाली मुलगी एका दिवसात पात्र झाली.

निकालपत्रातली आणखी एक नोंद बातम्यांत फारशी आली नाही. सरकारी कॉलेजांत रिकाम्या जागा होत्या फक्त २६५. बाकी सगळ्या खासगी. मुलं खासगी डेंटलकडे का जात नाहीत याचं एक कारण तिथली भरमसाट फी आहे, असं न्यायालयानं स्वतःच लिहिलं आणि फी कमी करण्याचा विचार करा असं संस्थाचालकांना सुचवलं. पर्सेंटाइलच्या बाबतीत आदेश होता, तारखेसकट. फीच्या बाबतीत विनंती.

कायद्याच्या चौकटीत मला हा निकाल पटतो. टेबलामागे बसून पटत नाही. सात असो वा पाच, एका जागेमागे इतकी पात्र मुलं असून सात हजार जागा ओस पडत असतील तर तुटवडा पात्रतेचा नव्हताच. सरकारला खरं कारण दिसत होतं, पण परंतुकात ते बोलायला जागा नव्हती. न्यायालयालाही ते दिसलं, पण त्याच्या हातात पर्सेंटाइलचीच दोरी होती. मग जी दोरी होती ती ओढली. विहिरीला पाणी नाही म्हणून पोहरा बदलावा तसं.

३१२ आणि १३१

आता त्या दोन घरांकडे येतो, कारण ७ लाख ७१ हजारांत पहिल्या घरातला मुलगाही धरलेला होता.

त्याच्या वडिलांचं किराणा दुकान. लॉकडाऊनमध्ये दुकान चालू राहिलं, पण उधारी इतकी वाढली की चालू असून नसल्यासारखं. मुलाचा नंबर लागलेलं कॉलेज राज्याच्या कोट्यातलं, फी शुल्क नियामक प्राधिकरणानं ठरवलेली, म्हणजे मॅनेजमेंट कोट्यापेक्षा बरीच कमी. तरी वर्षाला काही लाख, आणि अभ्यासक्रम चार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप. खुल्या प्रवर्गातल्या कमी उत्पन्नाच्या घरांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काची निम्मी सवलत मिळते, तीही मी त्यांना सांगितली. ते म्हणाले, ‘निम्मी सोडा, उरलेली निम्मी बोला.’ डिपॉझिट, होस्टेल, मेस, हत्यारं या सवलतीत येत नाहीत. हत्यारं हा शब्द डेंटलच्या पोरांचा. पहिल्याच वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला शिकतात, त्यासाठी कार्व्हरचा सेट स्वतः विकत घ्यावा लागतो, आणि पुढच्या वर्षांत ही यादी लांबत जाते. एमबीबीएसच्या मुलाला स्टेथोस्कोप आणि पुस्तकं घेऊन दिली की बापाची बरीचशी सुटका होते, डेंटलला तसं होत नाही.

मुलानं रिपीट करायचं ठरवलं. जागा रिकामी झाली, पण कागदावर तो ‘पात्र’ म्हणून शिल्लक राहिला. असे किती पात्र त्या एकास सातमध्ये असतील याचा अंदाज ज्याचा त्यानं करावा.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात राज्य सरकारनं वैद्यकीय प्रवेशातला ७०:३० चा प्रादेशिक कोटा (७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना, ३० टक्के बाकी राज्याला) रद्द केला होता आणि मराठवाड्यात पेढे वाटले गेले होते. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांची दारं आमच्या पोरांना उघडली, हे खरंच मोठं होतं. पण सरकारी डेंटल कॉलेजं होती मुंबई, नागपूर आणि औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर), शिवाय मुंबई महापालिकेचं नायर. इथल्या जागा पहिल्या राउंडातच संपतात आणि तिथला कट-ऑफ ३१२ वाल्याच्या कितीतरी वर असतो. कोटा उठल्याचा फायदा वरच्या मुलांना झाला. खाली खासगी कॉलेजांच्या पातळीवर दार उघडंच होतं, अडचण आत गेल्यावर होती.

आता मुलगी. ९ फेब्रुवारीला सकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. बातमी त्यांनी आधीच वाचली होती. त्यांनी विचारलं, ‘सर, दहानं खाली आणलं म्हणतात. फी कितीनं आणली?’

मी त्यांना पर्सेंटाइल आणि मार्क यातला फरक समजावत बसलो, म्हणजे प्रश्नाला बगल दिली. तिच्याकडे दहा दिवस होते. या दहा दिवसांत फॉर्म, पसंतीक्रम, जागा मिळाली तर प्रत्यक्ष हजर राहणं, मूळ कागदपत्रं आणि पहिल्या वर्षाची रक्कम. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही हे बरोबर, पण बँकेला आधी प्रवेशाचं पत्र लागतं आणि कॉलेजला आधी पैसे. त्यातून ऑक्टोबरच्या अतिवृष्टीत त्यांचं काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं होतं. भिजलेल्या, काळ्या पडलेल्या मालाला जो भाव मिळतो तोच मिळाला.

शेवटच्या दोन दिवसांत ते तिघं टेबलाशी आले: आई, वडील, मुलगी. मी पसंतीक्रमाचा तक्ता काढून दिला. वडिलांनी कॉलेजांच्या नावांवरून बोट फिरवत नेलं आणि प्रत्येक ओळीवर फक्त फीचा रकाना वाचला. मुलगी काही बोलली नाही. नंतर तिच्या आईनं सांगितलं की तिनं आदल्या रात्रीच ‘नको’ म्हणून टाकलं होतं, तिला फक्त वडिलांच्या तोंडून ते ऐकायचं नव्हतं. फॉर्म भरला नाही. तिनं पुढच्या वर्षी पुन्हा नीट दिली, मार्क वाढले, आणि बीएएमएसला गेली.

एका जागेसाठी दोन मुलं पात्र ठरली होती, एक जुन्या पायरीवर आणि एक नव्या पायरीवर, आणि दोघांनी ती सोडली ती एकाच रकान्यामुळे.

हा रकाना पुढं थोडासा हलला, पण कोर्टामुळे नाही. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं निर्णय काढला: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. अट एकच मोठी, प्रवेश राज्याच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही माफी लागत नाही. मुलग्यांनाही लागत नाही, हे तेव्हा अनेक बापांनी मला टेबलावर हात आपटून सांगितलं.

त्या वर्षी १३१ वाल्या मुलीचे वडील पुन्हा आले, धाकट्या मुलीला घेऊन. या वेळी त्यांनी मार्क आधी सांगितलेच नाहीत. पिशवीतून तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र काढून माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, ‘ही माफी डीम्डला (अभिमत विद्यापीठांच्या कॉलेजांना) लागते का?’

‘नाही. डीम्डच्या जागा दिल्लीहून भरतात, राज्याच्या प्रक्रियेतून नाही.’

त्यांनी खिशातलं पेन काढलं, घरून लिहून आणलेल्या यादीतल्या डीम्ड कॉलेजांवर एकेक रेघ मारली, आणि मग मुलीला म्हणाले, ‘आता सांग सरांना मार्क.’